अंदाजपत्रकात तरतूद झाली म्हणजे पैसे आले असं नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत “ब” वर्ग नगरपरिषदेवर मी पहिल्यांदाच निवडून आले. अंदाजपत्रकाच्या विशेष सभेची नोटीस आली आहे आणि सोबत आकड्यांनी भरलेलं जाड पुस्तक. माझ्या प्रभागातलं सार्वजनिक शौचालय वापरण्याच्या लायकीचं राहिलेलं नाही, मुलामुलींना अभ्यासिका हवी आहे, पाणी कमी दाबाने येतं. जुने लोक म्हणतात, जमतील तेवढी कामं पुस्तकात घालून घ्या, पुढचं पुढे बघू. मी पुस्तकात काय वाचू, काय मागू आणि सभेत काय बोलू?’

ताई, जुन्या लोकांचा हा सल्ला प्रत्येक नव्या सदस्याला मिळतो. मलाही मिळाला होता. त्यात तथ्य इतकंच की पुस्तकात ओळ नसेल तर काम होत नाही. पण ओळ असली म्हणजे काम होतं, असं मुळीच नाही. एखाद्या लेखाशीर्षासमोर, म्हणजे पुस्तकातल्या खर्चाच्या ठरावीक नावासमोर, दहा लाख लिहिलेले असतात तेव्हा त्याचा अर्थ तिजोरीत दहा लाख आहेत असा होत नाही. पैसे आले तर या कामावर दहा लाखांपर्यंत खर्च करायला सभागृहाची हरकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या पालिकेत काही रस्ते असे होते की ते दरवर्षी पुस्तकात यायचे, दरवर्षी मंजूर व्हायचे आणि नगरसेवक दरवर्षी त्यांचा फलक लावायचे. रस्ता मात्र होता तसाच राहिला.

म्हणून आधी पुस्तक वाचायचं कसं ते सांगते. पहिल्या पानापासून वाचू नका. खर्चाची बाजूही आधी उघडू नका, कारण तिथे आपापल्या प्रभागाचं नाव शोधण्यातच सगळे गुंततात. जमेची बाजू काढा आणि त्यातले रकाने बघा. साधारणपणे एका रकान्यात मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती जमा झाले ते असतं, पुढच्यात चालू वर्षाचा मंजूर अंदाज, मग चालू वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांतली प्रत्यक्ष जमा, मग सुधारित अंदाज, आणि शेवटी येणाऱ्या वर्षाचा अंदाज. सगळे शेवटचा रकाना वाचतात. तुम्ही ‘प्रत्यक्ष’ लिहिलेले दोन रकाने वाचा. बाकीचे रकाने म्हणजे इच्छा.

एक हिशेब करून दाखवते. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, तुमच्या पालिकेचे वेगळे असतील. समजा घरपट्टीची मागची थकबाकी ३ कोटी आणि चालू मागणी ४ कोटी, म्हणजे एकूण मागणी ७ कोटी. मागच्या वर्षी प्रत्यक्ष वसूल झाले ३ कोटी २० लाख. आणि येत्या वर्षाचा अंदाज लिहिला आहे ६ कोटी ५० लाख. हे वरचे ३ कोटी ३० लाख आले कुठून? कुठूनच नाही. खर्चाच्या बाजूला प्रभागनिहाय कामं घालून झाली, मुख्याधिकाऱ्यांवर दोन्हीकडून दबाव आला, आणि अंदाजपत्रक शिलकीच दाखवायचं असल्यामुळे लेखापालाने जमेचा फुगा फुगवला. सभेत कोणी विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘यंदा वसुलीची विशेष मोहीम राबवणार आहोत.’ मोहीम दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये असतेच. ढोल वाजवतात, नळ तोडतात, थोडी वसुली वाढते. ती दुप्पट होत नाही.

फुगवलेल्या जमेचं पुढे काय होतं हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या शौचालयाचा प्रश्न इथेच अडकलेला आहे. कामांना मंजुऱ्या मिळतात, काहींचे कार्यारंभ आदेश निघतात, ठेकेदार काम करतो, देयक टाकतो आणि देयक पडून राहतं. पुढच्या निविदेत तो ते थांबणं दरात धरतो, किंवा चांगला ठेकेदार निविदाच भरत नाही. आणि रोख कमी पडली की कात्री कुठे लागते? पगारावर लागत नाही, विजेच्या बिलावर फार काळ लागू शकत नाही. ती लागते देखभालीवर. मैला उपसायची गाडी दुरुस्तीला जाते ती तिथेच राहते. बागेतला माळी कमी होतो. दवाखान्यातली औषधं संपतात आणि ‘मागणी पाठवली आहे’ असा फलक लागतो. लोकांना पालिका भेटते ती याच जागी, आणि पैशाची तूट आली की पहिला घाव इथेच बसतो.

आता पैसे कुठून येतात ते बघू. छोट्या-मध्यम पालिकेत पैशाच्या तीन थैल्या असतात आणि एकीतला पैसा दुसरीत घालता येत नाही.

पहिली थैली स्वतःच्या उत्पन्नाची: घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, आठवडे बाजाराची फी, बांधकाम परवानगीचं शुल्क. घरपट्टीच्या बिलातला शिक्षण कर आणि रोजगार हमी कर मात्र आपला नसतो. तो सरकारचा, आपण फक्त गोळा करून भरायचा. तो भरायचा राहिला असेल तर दायित्वात, म्हणजे पालिकेच्या देण्यांत, दिसेल, तेही विचारा. गाळ्यांच्या भाड्याचं पान काळजीपूर्वक वाचा. भर बाजारपेठेतल्या गाळ्याला शेजारच्या खाजगी दुकानाच्या मानाने किती भाडं लावलंय ते बघा आणि मग कोणाच्या नावावर कोणता गाळा आहे ती यादी मागा. सभागृहात या विषयावर एकदम शांतता का पसरते ते यादी वाचल्यावर आपोआप समजेल.

दुसरी थैली सहायक अनुदानाची. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली आणि तिच्या बदल्यात सरकार हे अनुदान देऊ लागलं. ते प्रामुख्याने पगारात जातं, आणि बऱ्याच पालिकांत पगारालाही पुरत नाही. निवृत्त सफाई कामगारांची उपदानाची (ग्रॅच्युइटीची), रजा रोखीकरणाची देणी कधीची थकली आहेत ते विचारा. हा आकडा पुस्तकात सहसा ठळक दिसत नाही. पण कधी ना कधी तो समोर येतोच, आणि बहुतेकदा कामबंद आंदोलनाच्या रूपात येतो.

तिसरी थैली योजनांची. वित्त आयोग, नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, वस्ती सुधार योजना, अमृत, स्वच्छ भारत, शिवाय जिल्हा नियोजनाचा आणि आमदार-खासदारांचा निधी. रक्कम मोठी, पण प्रत्येक रुपयावर कामाचं नाव लिहिलेलं. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाचं उदाहरण घ्या, २०२१-२२ ते २०२५-२६ असा त्याचा काळ. आपल्यासारख्या दहा लाख लोकसंख्येच्या आतल्या शहरांना त्यातला ४० टक्के हिस्सा मोकळा मिळायचा आणि ६० टक्के बांधलेला. बांधलेल्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मा स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी. मोकळा हिस्साही पगारासाठी वापरता येत नव्हता. १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ सुरू होतो, त्यामुळे येत्या वर्षाच्या पुस्तकात या शीर्षासमोर जो आकडा असेल तो कशावर आधारला आहे हे जरूर विचारा. नुसता मागच्या वर्षीचा उतरवून दहा टक्के वाढवलेला असण्याची शक्यता बरीच. आणि मागच्या आयोगाचे किती पैसे बँकेत अखर्चित पडून आहेत, त्यातले स्वच्छतेच्या हिश्श्याचे किती, हेही विचारा. तुमच्या शौचालयाची दुरुस्ती कदाचित तिथेच सापडेल.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीपासून संपत गेली आणि निवडणुका लांबल्याने मध्ये प्रशासकांचा कारभार होता. अंदाजपत्रकं प्रशासकांनीच मांडली आणि प्रशासकांनीच मंजूर केली. मी त्यांना सरसकट दोष देणार नाही. काही ठिकाणी वसुली त्या काळात सुधारली, कारण ‘माझ्या माणसाचा नळ जोडून द्या’ असा फोन करणारं कोणी नव्हतं. पण त्या काळातले ठराव, दिलेले कार्यारंभ आदेश, चालू असलेले दीर्घ मुदतीचे ठेके आणि न दिलेली देयकं यांची यादी नव्या सभागृहासमोर यायलाच हवी. मागच्या वर्षांच्या कामांची देयकं किती कोटींची बाकी आहेत हा एक आकडा मिळाला तरी नव्या कामांना खरी जागा किती आहे ते समजतं. कधी कधी ती शून्य असते.

आता तुमच्या तीन मागण्या.

शौचालयापासून सुरुवात करते, कारण त्यात सगळा विषय आला. तुम्ही मागणी केलीत की अभियंता सहज म्हणेल, ‘ताई, पाडून नवीन बांधू, स्वच्छ भारतमधून प्रस्ताव टाकतो.’ आकडा मोठा, भूमिपूजन होणार, सगळे खूश. थांबा. आधी विचारा की आताचं का बंद पडलं? मी जी शौचालयं बंद पडलेली पाहिली त्यांच्या भिंती बहुतेक शाबूत होत्या. टाकीला पाणी नव्हतं, कारण नळजोडणी ज्या वाहिनीवर होती तिला दिवसातून तासभरच पाणी. दिवा गेला तो कोणी बदलला नाही, म्हणून बायका संध्याकाळनंतर जाईनात. मैल्याची टाकी वेळेवर उपसली गेली नाही. कडी तुटली. सफाईचा ठेका शहरातल्या सगळ्या शौचालयांचा मिळून एक, आणि देयक काढताना कोणतं शौचालय खरोखर साफ झालं हे बघणारं कोणी नाही. अशा जागी तीस लाखांची नवी इमारत उभी केली तर ती वर्षा-दोन वर्षांत याच अवस्थेला जाते.

म्हणून मागणी अशी करा: दुरुस्तीसाठी एकरकमी तरतूद वित्त आयोगाच्या स्वच्छतेच्या हिश्श्यातून, आणि चालवण्यासाठी वेगळं महसुली शीर्ष, म्हणजे दरवर्षीच्या चालू खर्चाची ओळ, स्वतःच्या उत्पन्नातून. समजा राखणदार, सफाई, दिवे, किरकोळ दुरुस्ती आणि उपसा मिळून महिन्याला २५ हजार लागतात, म्हणजे वर्षाला ३ लाख. हे ३ लाख ‘सार्वजनिक शौचालये देखभाल’ या गोळा शीर्षात टाकू देऊ नका. प्रत्येक शौचालयाचं नाव आणि रक्कम असलेलं परिशिष्ट मागा. परिशिष्टात नाव असलं की जूनमध्ये जाऊन विचारता येतं, आमच्या शौचालयावर आतापर्यंत किती खर्ची पडले? गोळा शीर्षाला हा प्रश्न विचारता येत नाही. ठेक्यात अशी अटही घालून घ्या की महिन्याच्या देयकासोबत वस्तीतल्या बचत गटाची सही असलेलं साफसफाईचं पत्रक जोडल्याशिवाय रक्कम निघणार नाही. मुकादम कुरकुरेल. आमच्याकडे मुकादमाने तर बायका सह्याच करणार नाहीत असं सांगितलं होतं. त्यांनी सह्या केल्या, आणि काही महिने केल्या नाहीत, तेव्हा ठेकेदार स्वतः वस्तीत आला.

अभ्यासिकेचं गणितही याच अंगाने चालतं, फक्त इथे इमारतीचा मोह जास्त. आमदार निधीतून खोली बांधून मिळेलही. पण रात्री दहापर्यंत उघडी ठेवणारं माणूस, विजेचं बिल, इंटरनेट, वर्तमानपत्रं, स्पर्धा परीक्षांची मासिकं, स्वच्छतागृहाची सफाई हा खर्च आमदार निधीतून होत नाही. बांधून कुलूप लावलेल्या अभ्यासिका तुम्हाला कोणत्याही तालुक्याच्या गावी दाखवता येतील. नगरपरिषदेच्या एखाद्या शाळेत पट घटल्याने वर्ग रिकामे आहेत का ते आधी बघा. शाळेची खोली संध्याकाळी सहा ते दहा वापरायची तर बांधकाम शून्य, आणि मागायचा तो फक्त चालू खर्च. मुली येणार असतील तर रस्त्यावरच्या दिव्यांचाही विचार त्याच मागणीत करा, नाहीतर अभ्यासिका असते आणि मुली आठ वाजता निघून जातात. महिना पन्नास रुपये फी ठेवावी का, यावर वाद होतील. माझं मत ठेवावी असं आहे, पण हा ज्याच्या-त्याच्या गावचा विषय.

पाण्याबद्दल थोडक्यात. कमी दाबाची तक्रार दर वेळी पैशाची नसते. पाणीपुरवठा अभियंत्यासोबत आणि वॉल्व्ह फिरवणाऱ्या कर्मचाऱ्यासोबत सकाळी सुटणाऱ्या पाण्याच्या वेळी एकदा फिरा. कोणता वॉल्व्ह किती वेळ उघडतात, कुठे थेट मोटारी लावतात, तुमचा भाग वाहिनीच्या शेवटी आहे का, हे पाहिल्यावर निम्म्या तक्रारी वेळापत्रक बदलून कमी होतात. उरलेल्यासाठी पुस्तकात दोन ओळी शेजारी ठेवून वाचा: पाणीपट्टीची प्रत्यक्ष जमा आणि पाणीपुरवठ्याच्या पंपांचं वीजबिल. बऱ्याच पालिकांत नुसतं वीजबिलच पाणीपट्टीच्या वर जातं. मग रसायनं, गळती दुरुस्ती, माणसं हे सगळं घरपट्टीतून. हा फरक लोकांसमोर मांडल्याशिवाय पाणीपट्टीवाढीला विरोध करू नका आणि पाठिंबाही देऊ नका.

राखीव टक्केवारीच्या पैशांवर मात्र तुम्ही हट्ट धरा. शासनाच्या आदेशांनुसार महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के, दुर्बल घटकांसाठी ५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के ठेवावे लागतात. पुस्तकात ते ठेवलेले दिसतील. पुन्हा सांगते, प्रत्यक्षाचा रकाना बघा. वर्षभर काही नाही आणि मार्चमध्ये एकदम शिवणयंत्र वाटप, ब्युटी पार्लरचं प्रशिक्षण, एक मेळावा आणि त्याचा मंडप. शिवणयंत्र वाईट नाही. पण त्याच त्या घरांत दुसरं यंत्र जातं आणि शहरातल्या बाजारात भाजी विकायला बसणाऱ्या बायकांना दिवसभर जायला स्वच्छतागृह नसतं. महिला व बालकल्याण समितीत तुमची वर्णी लागली असेल तर एप्रिलमध्येच वर्षाचा कार्यक्रम ठरवून घ्या: काय, कोणासाठी, कोणत्या महिन्यात. बाजारातलं स्वच्छतागृह, किशोरवयीन मुलींची रक्ततपासणी, कामाला जाणाऱ्या आयांसाठी पाळणाघर, असं काही. दिव्यांग निधीसाठी आधी नोंदणीची यादी अद्ययावत आहे का ते पाहा. यादीत मरण पावलेल्यांची नावं असतात आणि नवी मुलं नसतात. रक्कम थेट खात्यात देणं हा खर्च दाखवायचा सोपा मार्ग आहे, आणि गरजूंना ती मिळावीच. पण पालिकेच्या दवाखान्याला उतार नाही, जन्मनोंदणीची खिडकी पहिल्या मजल्यावर, हेही त्याच लोकांचे प्रश्न आहेत.

मोठ्या शहरांतल्या नगरसेवकांकडे पाहून ‘नगरसेवक निधी’ मागायचा मोह होईल. महापालिकांचं गणित वेगळं. तिथे आयुक्त प्रारूप स्थायी समितीला देतात, समिती त्यात भर घालते, आणि पुण्यात प्रभागातल्या छोट्या कामांची ‘स’ यादी प्रसिद्धच आहे. त्याच पुण्यात २००६ पासून नागरिकांनी आपापल्या भागातली कामं अंदाजपत्रकासाठी सुचवण्याची पद्धतही आहे. दरवर्षी अर्ज मागवतात, काम साधारण ५ लाखांच्या आतलं हवं. सुचवलेलं सगळं होत नाही, कित्येकदा लोकांच्या नावाने नगरसेवकच अर्ज भरून घेतात, तरीही काय सुचवलं आणि काय घेतलं याचा कागद राहतो हे मला मोलाचं वाटतं. आपल्याकडे प्रभाग समिती नसते, कारण घटनेतली ती सक्ती तीन लाखांवरच्या लोकसंख्येला आहे. क्षेत्रसभेची, म्हणजे भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद राज्याच्या कायद्यात २००९ मध्ये आली, ती बहुतेक गावांत कागदावरच आहे. तुम्हाला कोणी अडवलेलं नाही. देवळाच्या ओट्यावर, समाजमंदिरात बसा. प्रभागातले दुसरे सदस्य विरोधी पक्षाचे असतील तरी त्यांना बोलवा. दोघांच्या सहीचं पत्र आणि एकट्याचं पत्र यांत मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर बराच फरक पडतो. लोकांना ‘काय हवं?’ असं विचारू नका, पन्नास गोष्टी सांगतील. ‘दोन लाख आहेत, या चारपैकी कोणतं आधी?’ असं विचारा.

सभेतल्या बोलण्याबद्दल. विशेष सभा सहसा पटापट उरकते. नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडून आलेले असतात, त्यांच्याकडे बहुमत असेल तर कोणी पानं उलटतही नाही. तुम्हाला पाच मिनिटं मिळतील. भाषण करू नका. दोन लेखी उपसूचना तयार ठेवा, अनुमोदक आधीच गाठून ठेवा, आणि प्रत्येक उपसूचनेत वाढ कुठे आणि घट कुठे हे दोन्ही लिहा. ‘शौचालय देखभालीसाठी ३ लाख वाढवावेत’ एवढंच म्हटलंत तर ‘विचार करू’ असं उत्तर येईल. ‘स्वागत कमानीच्या शीर्षातून ३ लाख कमी करून शौचालय देखभालीत वर्ग करावेत’ असं म्हटलंत तर सभागृहाला हो किंवा नाही म्हणावं लागतं. एखादं शीर्ष नुसतं एक हजार रुपये टाकून उघडं ठेवायचीही पद्धत आहे, म्हणजे वर्षात पैसे मिळाले तर वर्ग करता येतात. अभ्यासिकेसाठी निदान तेवढं तरी मिळवा, पण त्याला यश समजून फलक लावू नका.

सर्वांत जास्त लक्ष ठरावाच्या शेवटच्या वाक्यावर ठेवा. ‘सभेत झालेल्या चर्चेनुसार आवश्यक ते फेरबदल करण्याचे अधिकार मा. अध्यक्षांना देण्यात येत आहेत.’ हे वाक्य बहुतेक ठरावांत असतं. सभेत एक अंदाजपत्रक मंजूर होतं आणि नंतर छापून येतं ते कधी कधी वेगळंच असतं, ते या वाक्याच्या जोरावर. त्याला विरोध करा. बहुमत नसेल तर निदान मंजूर झालेले फेरबदल आकड्यांसह ठरावात लिहून घ्या आणि तुमच्या उपसूचनेची, ती फेटाळली तरी, इतिवृत्तात नोंद झाली का ते पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होण्याआधी तपासा. ठराव उघड बेकायदा असेल तर नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पण उठसूट ३०८ च्या धमक्या देणारे सदस्य कोणाला नकोसे होतात, तेव्हा ते शस्त्र म्यानातच बरं.

आणि हो, सभागृहात तुम्हीच बोला. आपल्या राज्यात निम्म्या जागा स्त्रियांना आहेत, तरी अजून कार्यालयात ‘साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो’ असं बाईला सांगणारे आहेत. साहेब म्हणजे तिचा नवरा. घरच्यांची मदत जरूर घ्या, पण लेखापालासमोर खुर्ची ओढून बसायचं काम तुमचं. मला आकडे समजावले ते मुख्याधिकाऱ्यांनी नव्हे, लेखा विभागातल्या एका जुन्या लिपिकाने, आणि तेही मी त्याला दोनदा मूर्ख वाटतील असे प्रश्न विचारल्यावर. तुमच्या घराची घरपट्टी-पाणीपट्टी भरलेली असू द्या. थकबाकी हा सदस्यत्वाच्या अपात्रतेचा मुद्दा होऊ शकतो, आणि वसुलीवर बोलणाऱ्या सदस्याची पावती कोणी ना कोणी शोधतोच.

वसुलीवर बोलावं लागेलच. थकबाकीवर महिना दोन टक्के शास्ती (दंड) चढते, गरीब घर त्यात बुडतं. पण थकबाकीदारांची यादी रकमेच्या क्रमाने लावून मागा. वरची नावं सहसा गरिबांची नसतात. मोबाइल टॉवर, मंगल कार्यालयं, बंद गिरण्या, कधी कधी सरकारी कार्यालयंच असतात. वरच्या पन्नास थकबाकीदारांवर काय कारवाई झाली हा प्रश्न सभेत विचारला तर जमेचा फुगा थोडा तरी खरा होण्याची आशा असते. शौचालयाचे ३ लाख येणार ते तिथूनच.

सभा झाल्यावर काम संपत नाही, पण त्याला फार वेळही लागत नाही. तीन महिन्यांतून एकदा तुमच्या शीर्षांचा मंजूर आकडा आणि प्रत्यक्ष खर्च लेखापालाकडून लिहून घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुधारित अंदाज तयार व्हायला लागतो, तेव्हा न वापरलेले पैसे दुसरीकडे वर्ग होतात. त्या वेळी तुमचं काम निविदेपर्यंत पोचलं नसेल तर तुमचीच तरतूद आधी उचलली जाईल. म्हणून पावसाळ्याआधी प्राकलन (कामाच्या खर्चाचा अंदाज), तांत्रिक मान्यता आणि निविदा हे टप्पे उरकले जातील असं बघा. स्थानिक निधी लेखापरीक्षेचा अहवाल सभागृहासमोर येतो तो विषयपत्रिकेच्या तळाशी असतो आणि ‘अवलोकनार्थ’ म्हणून पुढे सरकतो. तो मागून घरी न्या. त्यातले जुने आक्षेप वाचले की पुढच्या वर्षीचं पुस्तक निम्मं समजलेलं असतं.

सभेला आता थोडेच दिवस आहेत, तेव्हा उद्या एक अर्ज द्या. त्यासाठी माहिती अधिकाराची गरज नाही, सदस्य म्हणून मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लिहा. चार गोष्टी मागा: मागच्या तीन वर्षांची घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळाभाड्याची मागणी व प्रत्यक्ष वसुली, आजअखेर न दिलेल्या देयकांची कामनिहाय यादी, योजनानिहाय अखर्चित शिल्लक, आणि सार्वजनिक शौचालयांच्या सफाई ठेक्याचा करारनामा. सभेआधी सगळं मिळणार नाही. करारनामा आणि देयकांची यादी या दोन गोष्टी लेखा विभागात तयारच असतात, त्यांच्यासाठी स्वतः जाऊन बसा. अर्जावर आवक क्रमांक आणि तारीख घालून पोच घ्या.